आडात सोडलेला कंदील

"कप्पीचा आवाज कसा होता म्हणालास?" आवडाईंनी विचारले.

वामनबुवा जमिनीकडे बघत राहिले.

"सांग की. विचारतेय मी."

"आधी कुर्र… कुर्र… असा. सावकाश." बुवांनी दम घेतला. "मग एकदम सर्रर्र…"

"आणि मग?"

"मग काहीच नाही."

आवडाईंनी मान हलवली. "काहीच नाही," त्या हळूच म्हणाल्या. जणू तोही एक आवाजच होता.

फार जुनी गोष्ट. बुवा तेव्हा लहान पोर होते. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या आडात कुणाची तरी घागर पडली आणि बुवांचा काका ती काढायला उतरला. लोक म्हणाले, आधी दिवा सोडून हवा बघ. काका हसला. घागर काढायला दिवा कशाला, म्हणाला. दोराला धरून तो खाली गेला. कप्पी कुरकुरत राहिली. मग दोर एकाएकी हलका झाला, वरचे दोघे मागे कोसळले आणि कप्पी मोकळीच फिरली.

त्यानंतर लोकांनी दिवा सोडला. मोठ्यांच्या पायांमधून वाट काढून पोराने आत डोकावून पाहिले. दिवा अर्ध्यावर गेला असेल नसेल, कुणी चिमटीत धरावा तसा विझला.

वर बायकांनी हंबरडा फोडला.

"दिवा विझला आणि काका गेला," बुवा म्हणाले.

"काका आधी की दिवा आधी?"

एवढ्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

माळावरच्या मठामागे, करंजाच्या सावलीत दोघे बसले होते. आवडाई मठाच्या कर्त्या. सगळे त्यांना आई म्हणत. वामनबुवा त्यांचे थोरले शिष्य, पंचक्रोशीतले नावाजलेले कीर्तनकार. एका दमात आख्खी ओवी शेवटाला नेत, आणि तरीही वर तान घेण्यापुरता दम शिल्लक असे. लोक म्हणत, बुवांच्या छातीत भाता आहे. बुवांनाही ते ऐकायला आवडे.

आज तेच बुवा टेकाड चढताना थांबत थांबत आले होते. आल्यावर बसले ते पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. बोलतानाही शब्द तोडून तोडून येत होता.

"तो आवाज आता कुठं ऐकू येतो?" आईंनी विचारले.

बुवांनी उजव्या बरगडीवर हात ठेवला.

"इथं. झोपलो की कुरकुर सुरू होते. उताणं पडताच येत नाही, आई. भिंतीला टेकून बसून झोपतो. डोळा लागला की वाटतं, आता दोर सुटणार."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"पाणी झालंय. फुप्फुसाभोवती. दोनदा सुईनं काढलं, परत भरलं."

"मग?"

"मग आता म्हणतात, दुर्बीण घालू."

"कुठं?"

"छातीत. बरगड्यांच्या मधून बोट जाईल एवढी भोकं पाडतात. एकातून दुर्बीण, तिला पुढं दिवा असतो. दुसऱ्यातून चिमटा. सगळं पाणी काढतात, आतल्या अस्तराचे तुकडे तपासायला घेतात." बुवा थांबले. "डॉक्टरीण पोरसवदा आहे. म्हणाली, बुवा, सुईनं पाणी निघतं, पण ते कशानं झालं ते नाही कळलं. आत बघावं लागेल."

"कशानं झालं असेल म्हणते?"

"क्षय असेल, म्हणाली. नाहीतर…"

"नाहीतर?"

"नाहीतर दुसरं काही."

वारा पडला होता. करंजाचे पान हलत नव्हते.

"दुसरं काही," बुवा पुन्हा म्हणाले. "तिनं पुढं बरंच सांगितलं. पाणी पुन्हा भरण्यासारखं दिसलं तर आत पावडर मारतात म्हणे. अस्तराचे दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात. जागाच राहिली नाही तर पाणी साठणार कुठं, असं हसून म्हणाली. नंतर नळी ठेवतात, ती बाटलीत सोडतात. ऐकत होतो मी सगळं. पण कान त्या दोन शब्दांवरच अडकला होता."

"कधी बोलावलंय?"

"उद्या सकाळी. आज संध्याकाळपर्यंत दाखल व्हायचं. सुमननं खाट धरून ठेवलीय." सुमन त्यांची मुलगी. "खाली फाट्यावर दुपारची एस.टी. येईल. आणि इकडं डाव्या हाताला वाडीची जीप उभी आहे. त्यांचा सप्ताह बसलाय. आज माझं कीर्तन आहे."

"या अशा दमात?"

"टाळकऱ्यांना सांभाळून घ्यायला सांगेन."

हा कशाला आला आहे, ते अजून सांगायचे राहिले होते, हे आईंना ठाऊक होते.

बुवांनी हात जोडले.

"आई, आज्ञा द्या. मी ती दुर्बीण घालून घेणार नाही. देहाचे एवढे लाड कशाला? जायचा तेव्हा जाईल. तुम्ही एकदा 'नको' म्हणालात की घरचे गप्प बसतील. गुरूची आज्ञा म्हटल्यावर सुमनही बोलणार नाही."

"वामन, तुझं कीर्तन ऐकलंय मी. काय सांगतोस तू? देह म्हणजे…"

"भाड्याची खोली."

"आणि आत्मा?"

"भाडेकरू."

"मग भाडेकरू एवढा का घाबरलाय? मालक नुसती खिडकी पाडतोय."

बुवांना हसू आले. हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेना. आईंनी त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला आणि खोकला शमेपर्यंत तसाच ठेवला.

"मी मरणाला भीत नाही, आई," दम परत आल्यावर बुवा म्हणाले.

"बरं."

"खरंच सांगतो."

"बरं म्हटलं ना."

"तुम्हाला नाही वाटत कशाची भीती?"

"वाटते की. म्हणून तर वाकून बघते."

बुवांना ते उत्तर धड उमजले नाही. ते आणखी काही विचारणार, तेवढ्यात आडाकडून हाक आली.

"आई! ऊन चढाय लागलं. सोडायचा का दिवा?"

हाक मसाजीची. मठाचा आड दर चैत्रात उपसून गाळ काढायचा, ही जुनी रीत. खाली उतरायचे काम मसाजीचे आणि दोर धरायचे काम त्याचा भाऊ सदू याचे. गेल्या वर्षी एक करडू आडात पडले, तेव्हापासून आडावर पत्रे टाकून ठेवले होते. मठात नळ आला होता, त्यामुळे पाणी शेंदायला कुणी फिरकले नव्हते. आज सकाळीच पत्रे काढले होते.

उतरण्याचीही एक रीत होती. मठाच्या थोरल्या शिष्याने दोराला कंदील बांधून आत सोडायचा, काठावरून वाकून बघायचे आणि मोठ्याने सांगायचे, 'जळतोय.' मगच माणूस उतरायचा. उतरणाऱ्याने स्वतः बघायचे नाही. त्याने आडाकडे पाठ करून बसायचे. ज्याला उतरायचे त्याने आधीच खोली पाहिली की पाय लटपटतात, म्हणून त्याच्यासाठी दुसऱ्याने बघायचे.

"ऊठ," आई म्हणाल्या. "थोरला तूच आहेस."

"आई, मला वाकायला…"

"मी आहे शेजारी."

बुवांच्या खांद्याला धरून आई चालू लागल्या. पाऊल टाकण्याआधी त्या पायाने जमीन चाचपत होत्या. बुवांच्या ते ध्यानात आले नाही. त्यांचे सगळे ध्यान आडाच्या काळ्या तोंडाकडे होते.

मसाजी कमरेला दोर बांधून, आडाकडे पाठ करून बसला होता. "या बुवा," तो म्हणाला. "आज कीर्तन वरून कराल का खालून?"

"खालून तूच कर," बुवा कसेबसे म्हणाले. "तुझ्या गळ्याला गाळाचं वजन आहे."

सदू हसला. त्याने पेटवलेला कंदील बुवांच्या हातात दिला.

बुवांनी कंदील काठापलीकडे नेला आणि दोर सैल सोडला.

कुर्र…

कप्पी फिरली.

कुर्र… कुर्र…

बुवांनी डोळे मिटले.

त्यांनी दर वर्षीच डोळे मिटले होते. पहिल्या वर्षी मिटले, तेव्हा भीतीने मिटले. नंतर सवय झाली. आड तेव्हा रोजच्या वापरातला, दिवा न जळायला काय झाले? दोर संपला की थोडे थांबायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे. वरून कुणाला कळणार? वाकलेल्या माणसाचे तोंड आडाकडे असते.

दोर संपला. मिटलेल्या डोळ्यांपुढे पायांची गर्दी उभी राहिली. मोठ्यांचे पाय आणि मधली फट.

"जळतोय," बुवा म्हणाले.

मसाजी उठला. कपाळाला माती लावली. दोराला झटका देऊन पाहिला. एक पाय त्याने आत सोडला…

"थांब, मसाजी," आई म्हणाल्या.

मसाजी एक पाय आत, एक बाहेर, तसाच थांबला.

"वामन, ज्योत कुणीकडं झुकलीय?"

बुवांनी दोर आणखी घट्ट धरला.

"करंजाकडं की मठाकडं?"

"सरळ… सरळ आहे, आई."

"ओढ वर."

"आई…"

"ओढ."

बुवांनी दोर ओढला. कंदील कडेला आपटत वर आला. काच काळवंडली होती. आत ज्योत नव्हती. धुराचा बारीक धागाही नव्हता. कधीच, फार आधी विझला होता तो.

मसाजीने कंदिलाकडे पाहिले. मग आत सोडलेला पाय दोन्ही हातांनी धरून बाहेर काढला, जणू तो दुसऱ्या कुणाचा पाय होता. तो काठापासून लांब जाऊन बसला. सदूने कमरेचा दोर सोडायला हात लावला, तर त्याने तो झटकला.

कंदिलाकडे बघतच मसाजी बोलला.

"बुवा, माझी बायको तुमचं एक कीर्तन चुकवत न्हाई."

एवढेच बोलला.

बुवा आडाच्या काठाला धरून खाली बसले. छातीतले पाणी एकदम गळ्याशी आल्यासारखे झाले. श्वास अर्ध्यावर जाई आणि परत येई.

"तुम्हाला… माहीत होतं," ते आईंना म्हणाले.

"तुझे डोळे मिटलेले असतात ते? दर वर्षी."

"मग इतकी वर्षं काही बोलला नाहीत!"

"इतकी वर्षं मी बघत होते. तुझ्या शेजारी उभं राहून."

"आणि आज?"

आईंनी तोंड त्यांच्याकडे वळवले. बुवांनी आज पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिले. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरली होती.

"आज मला दिसत नाही, वामन. म्हणून विचारलं."

बुवांच्या अंगावर काटा आला. आईंनी विचारले नसते तर? त्या वाडीला गेल्या असत्या तर? झोप लागली असती तर?

आई सदूकडे वळल्या. "डहाळी आणा रे."

सदूने करंजाची भरगच्च डहाळी तोडून दोराला बांधली. दोघे भाऊ ती आडात सोडू लागले आणि ओढू लागले. वर, खाली, वर, खाली. पाने कडेला घासून सळसळत होती. खाली कोंडलेली हवा ढवळली जावी म्हणून हे करायचे. मधेच नळाच्या पाण्याच्या बादल्या आणून ते वरून ओतत. पाणी खाली आदळले की आडातून कुबट वास वर येई, आणि तो आला की मसाजी तोंड फिरवी.

बुवाही उठले. त्यांनी डहाळीच्या दोराला हात घातला.

"बसा बुवा, दम लागंल," सदू म्हणाला.

"लागू दे."

पण दोनदा ओढल्यावरच त्यांना गुडघ्यांवर बसावे लागले. मसाजीने त्यांच्या हातातून दोर काढून घेतला. फार हळू काढून घेतला, झोपलेल्या पोराच्या हातातून वस्तू काढतात तसा.

सूर्य करंजाच्या माथ्यावर आला, तेव्हा मसाजीने डहाळी बाहेर फेकली. पानांना काळा गाळ लागला होता.

सदूने कंदील पुसला, वात कापली आणि पुन्हा पेटवला. मग कुणाला द्यावा ते न कळून तसाच उभा राहिला.

"त्याच्याच हातात दे," आई म्हणाल्या.

मसाजीने आईंकडे पाहिले, बुवांकडे पाहिले. मग तो आडाकडे पाठ करून खाली बसला.

ती पाठ बुवांना पाहवेना. सदरा खांद्यावर फाटलेला, मानेवर घाम, आणि ती पाठ अगदी निवांत, विश्वासाने वाट बघत बसलेली. की विश्वासाने नव्हे? बुवांना ठरवता येईना.

त्यांनी कंदील सोडला.

कुर्र… कुर्र…

डोळे मिटू लागले. बुवांनी ते उघडे ठेवले. पाणी आले, तरी उघडे ठेवले. पिवळा ठिपका खाली खाली चालला होता. कडेच्या दगडांवर उजेड पडे, दगड दिसे, पुन्हा अंधारात जाई. एका कपारीत कबुतराचे जुने घरटे होते. एका दगडाला कधीच्या काळी कुणी शेंदूर लावला होता. एवढी वर्षे दिवा सोडून बुवांनी यातले काहीच पाहिले नव्हते.

"सांग," आई म्हणाल्या.

"अर्ध्यावर गेलाय… जळतोय. झुकलाय, आई. मठाकडं झुकलाय. बारीक झाला…"

मसाजीची पाठ ताठ झाली.

"बारीक झालाय… थरथरतोय…" बुवांचा आवाज फाटला. "थांबा. सरळ होतोय. मोठा झाला. आता खाली… खाली दुसरा दिवा दिसतोय. पाण्यात. दोन्ही जळताहेत, आई. दोन्ही जळताहेत."

"तसाच राहू दे खाली."

मसाजी उठला. त्याने रीत मोडली. आडाच्या काठाशी येऊन, स्वतः वाकून बघितले. बराच वेळ बघितले.

"मी उतरस्तोवर डोळे हलवायचे न्हाईत, बुवा," तो म्हणाला.

"नाही हलवत."

सदूने पाय रोवले. मसाजी आत उतरला.

कुर्र… कुर्र… कुर्र…

त्या आवाजाबरोबर बुवांचे काळीज खाली खाली जात होते. मसाजीचे डोके लहान झाले, खांदे दिसेनासे झाले. आता सुटेल, आता दोर हलका होईल… कप्पी थांबली.

काहीच नाही.

बुवांनी दोन्ही हातांनी काठ आवळला. खाली कंदील जळत होता. त्यांनी त्याच्यावरची नजर काढली नाही.

"पोचलो!" आडातून घुमत आवाज आला. "गाळ मायंदाळ हाय! घमेलं सोड, सद्या!"

सदूने घमेले सोडले. बुवा मागे सरकून जमिनीवर बसले. त्यांचा सदरा घामाने चिंब झाला होता.

आई चाचपत आल्या आणि शेजारी टेकल्या.

खालून जीपचा भोंगा वाजला. वाडीचे लोक खोळंबले होते. उजव्या बाजूला, दूर, फाट्यावरचा रस्ता उन्हात पांढरा दिसत होता. एस.टी. अजून आली नव्हती.

गाळाचे पहिले घमेले वर आले. सदूने ते उपडे केले. दुसरे खाली गेले.

"आई…"

"हं."

"माझ्यात दिवा सोडला… आणि तो विझला तर?"

आईंचा हात जमिनीवरून फिरत राहिला. कशाला तरी लागला. करंजाची तीच डहाळी, गाळाने माखलेली, अजून ओली. त्यांनी ती उचलून बुवांच्या मांडीवर ठेवली.

जीपचा भोंगा पुन्हा वाजला.

"मग डहाळी बांधायची, वामन."

बुवा डहाळीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती आडाच्या काठावर ठेवली, आईंच्या पायांवर डोके ठेवले, आणि थांबत थांबत, उजव्या हाताला, फाट्याच्या वाटेने उतरू लागले.